वेशभूषा मालेगावची, टोपी ड्रेपरीवाल्याची

गेल्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातील एका गावचा तरुण आपला लघुपट दाखवायला आमच्याकडे आला. मोबाईलवर चित्रित केलेला, अठरा मिनिटांचा. विषय चांगला होता. सातबाऱ्यावरचे आपले नाव दुरुस्त करून घेण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारा एक म्हातारा मुसलमान शेतकरी. म्हाताऱ्याचे काम करणाऱ्या गृहस्थांचा चेहरा बोलका होता, संवाद साधे होते. पण पहिल्याच दृश्यात आम्ही थबकलो. म्हातारा भर उन्हात ज्वारीच्या रानात खुरपे घेऊन बसलेला. डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी, गळ्यात चौकड्यांचा रुमाल, दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत आणि डोळ्यांत सुरम्याची जाड रेघ. आम्ही विचारले, "तुमचे आजोबा रानात असे जातात?" तो म्हणाला, "नाही सर. आजोबा धोतर नेसतात, डोक्याला मुंडासं. टोपी जुम्म्याला." "मग?" त्यावर तो म्हणाला, "टोपी नसली तर तो मुसलमान आहे हे कळणार कसं?"

टोपी, रुमाल आणि ताईत त्याने तालुक्याच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणले होते. दोन दिवसांचे चारशे रुपये, अनामत वेगळी. त्याच्या एकूण खर्चाचा तो जवळजवळ निम्मा भाग होता.

त्याच्या प्रश्नाला आम्ही लगेच उत्तर दिले नाही. देता आले नाही, असे म्हणणे अधिक खरे. हा प्रश्न त्या तरुणाचा एकट्याचा नाही, मराठी-हिंदी चित्रपटांच्या रंगपटात तो कित्येक दशके विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर ठरलेले आहे. ते उत्तर खोटे कसे, हे तरुणाला पटवायचे तर उदाहरण द्यायला हवे होते. आणि तेही पैसेवाल्यांचे नव्हे, कफल्लकांचे. मग आम्हाला मालेगाव आठवले.

मालेगावच्या चित्रपटांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लेखनाचा सूर कौतुकाचा आणि थोडा हसण्याचा. शेख नासिर या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. कॅमेरा लग्नाच्या चित्रीकरणाचा, नट गावातले, डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर, बसंतीची झाली बासमती. पुढे त्याच मंडळींनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला आणि तो बनत असताना फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. माहितीपट २००८ चा; चित्रपटगृहांत तो २०१२ साली आला. नासिर, लेखक फरोग जाफरी, अक्रम खान आणि सुपरमॅन झालेला यंत्रमाग कामगार शफीक शेख ही नावे त्यामुळे मालेगावबाहेर पोहोचली. या चित्रपटांच्या रंगभूषा-वेशभूषेकडे मात्र समीक्षेने विनोदाचा ऐवज म्हणूनच पाहिले. आम्हाला ते मान्य नाही.

सुपरमॅनचा पोशाख आधी पाहू. निळा अंगरखा, पाठीवर लाल कपडा, आणि लाल चड्डी, जिचा पांढरा नाडा बाहेर लोंबतो. त्या नाड्यावर प्रेक्षागृह हसते. आम्हीही हसलो. पण मूळ सुपरमॅनची ती वर घातलेली चड्डी आली कुठून? १९३८ साली हे पात्र जन्माला आले तेव्हा त्याच्या पोशाखाचा नमुना सर्कशीतल्या ताकदवान माणसांचा होता. घट्ट कपडे आणि त्यावर आखूड चड्डी घालून लोखंडी गोळे उचलणारे ते पैलवान. म्हणजे पोशाख मुळातच जत्रेतला, स्वस्तातला. हॉलिवूडने त्यावर डॉलर ओतले आणि तो पवित्र झाला. मालेगावने त्याला परत जत्रेत आणला. शफीकची शरीरयष्टी काटकुळी. त्या पोशाखात स्नायू भरायला ना रबर होते ना फोम. तरीही कंबरेला हात लावून तो उभा राहिला की त्याच्या अंगात येणारा ताठा खरा असतो. बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभा राहणारा माणूस त्या क्षणी मागाच्या खडखडाटाबाहेर उभा आहे, हे दिसते. लोंबता नाडा लपवायला एक टाचणी पुरली असती. ती कोणाला सुचली नाही की सुचूनही लावली नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. एवढे खरे की त्या नाड्यामुळे हा सुपरमॅन कोणत्या गावचा, हे सांगावे लागत नाही.

येथे मालेगावच्या कापडाविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हे गाव रात्रंदिवस कापड विणते. पण त्यातले बरेचसे कोरे, व्यापाऱ्यांच्या भाषेत 'ग्रे'. ते राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे जाते, तिथे धुतले-रंगवले जाते आणि मग बाजारात येते. रंग दुसरीकडे चढतो. एवढे कापड विणणाऱ्या शहरात एका सुपरमॅनच्या अंगावरच्या कापडासाठी हिशेब करावा लागतो, यातली विसंगती मालेगावकरांना आपण समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांचा विनोद तिथूनच येतो.

सुपरमॅनला उडवण्याचे तंत्रही कापडाचेच. मागे एकरंगी पडदा लावून चित्रण करायचे आणि संगणकावर तो रंग पुसून तिथे आकाश बसवायचे. पडदा निळा चालतो, हिरवाही चालतो. पण पात्राच्या अंगावर जो रंग असेल तो पडद्याला चालत नाही. निळ्या सुपरमॅनमागे निळा पडदा लावला तर संगणक आकाशाबरोबर सुपरमॅनचे धडही खाऊन टाकतो, आणि लाल कपडा व डोके तेवढे उडत राहते. म्हणून मालेगावात पडदा हिरवा. (हिरव्या कापडाची टंचाई त्या शहरात पडणार नव्हती, हा आमचा आगाऊपणा.) वेशभूषा म्हणजे केवळ शोभा नव्हे, ती छायाचित्रणाशी बांधलेली असते, हा धडा चित्रपट-विद्यालयात फी भरून मिळतो. नासिरच्या मंडळींनी तो कामातून शिकून घेतला.

'शोले'चेच घ्या. १९७५ च्या मूळ 'शोले'त गब्बर धोतर-फेट्यातला परंपरागत डाकू नाही. त्याच्या अंगावर लष्करी धाटणीचा मळका पोशाख आहे. तो पोशाख मुंबईच्या चोर बाजारातून आणला होता, असे त्या चित्रपटाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. कोट्यवधी खर्चाच्या चित्रपटातली सर्वांत गाजलेली वेशभूषा जर जुन्या बाजारातून येत असेल, तर पन्नास हजारवाल्यांनी लाजण्याचे कारण काय? दुसऱ्या टोकाला 'मुगल-ए-आझम' आहे. शिंपी दिल्लीचे, जरीकाम सुरतेचे, दागिने हैदराबादचे, मुकुट कोल्हापूरचे, पादत्राणे आग्र्याची. के. आसिफ यांच्या त्या वैभवाचे मोल आम्ही कमी करत नाही. पण त्या वैभवाने आमच्या समाजाच्या वाट्याला एक ठसाही आला. पडद्यावरचा मुसलमान एक तर शेरवानी-घराऱ्यातला नवाब, नाही तर गल्लीतला ताईतवाला. मधला, म्हणजे तुम्ही आणि आम्ही, ड्रेपरीवाल्याच्या पेटीत सापडत नाही.

या पेटीशी आमची ओळख जुनी आहे. आम्ही सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात अफझलखानाचा प्रवेश बसवला होता. खान कोण होणार, याची चर्चाही झाली नाही. वर्गात मुसलमान मुलगा एकच होता. गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हते, असे आम्ही आजही मानतो. काळ्या लोकरीची दाढी करून ती गोंदाने आमच्या गालांवर चिकटवली गेली. गोंद लाकडाला लावायचा होता. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या, आणि दाढी निघेना. घरी आल्यावर अम्मीने खोबरेल तेलाने तासभर ती सोडवली. गालाची साल निघाली. अम्मी पुटपुटत होती, "तेरे अब्बा को बी नई दाढी, तेरे कू कायकू लगाये?" अब्बा एस. टी. त मेकॅनिक होते, रोज घोटून दाढी करत. तो प्रश्न आम्हाला तेव्हा विनोदी वाटला होता.

रंगभूषेचे पहिले काम माणूस ओळखीचा करणे हे की खरा करणे हे? दोन्ही कामे एकच आहेत असे समजून आमच्याकडचा रंगभूषाकार चालतो आणि तिथे गफलत होते. मराठवाड्यातल्या, सोलापूर-सांगलीकडच्या खेड्यांत धोतर, मुंडासे आणि पायात वहाणा घालणारी आमची एक अख्खी पिढी होऊन गेली. आमच्या दादी-नानी साडी नेसत, कपाळावर कुंकू नसे पण गळ्यात काळी पोत असे, जिला आम्ही 'लच्छा' म्हणतो. हातात हिरव्या बांगड्या असत. हे तपशील वेशभूषाकाराला दाखवले की तो म्हणतो, "पोत काढा, लोक हिंदू समजतील." म्हणजे जे आमचे आहे तेच आमच्या अंगावरून उतरवायचे आणि जे आमच्या गावात कोणी घालत नाही ते भाड्याने आणून चढवायचे! हमीद दलवाईंपासून आजच्या लेखकांपर्यंत मुस्लिम मराठी माणसाच्या मराठीपणाविषयी शेकडो पाने लिहिली गेली. पडद्यावर त्या पानांचा निकाल एक जाळीदार टोपी लावते.

याचा अर्थ टोपी नको असा नाही. एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' पाहा. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या अडीच लाखांच्या कर्जावर उभा राहिलेला, आग्र्याच्या खऱ्या वस्तीत चित्रित झालेला चित्रपट. ध्वनिमुद्रणाची सामग्रीही त्यांच्याकडे नव्हती, आवाज मागाहून मुंबईत भरले. बलराज साहनींचा सलीम मिर्झा शेरवानी घालतो, टोपीही घालतो. पण ती शेरवानी आग्र्यात जोड्यांचा कारखाना चालवणाऱ्या, पत उतरत चाललेल्या खानदानी माणसाची आहे. तिला काळ आहे, गाव आहे, वर्ग आहे. हा माणूस मुसलमान आहे हे सांगायला ती घातलेली नाही. कथा आणि पटकथेत वाटा असलेल्या शमा झैदी वेशभूषाही जाणत होत्या, हे त्या चित्रपटाचे भाग्य. चित्रपटातली म्हातारी आई, बदर बेगम, आग्र्याचीच बाई. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कोणत्याही रंगपटात तयार करता आल्या नसत्या. पैसा नव्हता म्हणून त्यांनी खरी माणसे आणि खरी घरे घेतली, आणि आज तेच त्या चित्रपटाचे बळ आहे.

मालेगावकडे परत येऊ, कारण तिथे एक गोष्ट आम्हाला खटकते आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या चित्रपटांत मालेगावच्या बाया नाहीत. नायिका बाहेरून आणावी लागते. हे शहर नाशिक जिल्ह्यातले, आणि त्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी स्त्री मिळाली नव्हती. नाचगाण्याचा धंदा करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिल्यावर त्यांनी एका उपाहारगृहातल्या स्वयंपाक्याला, अण्णा साळुंके यांना, तारामती केले. पुढे 'लंका दहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. फाळक्यांच्या काळी ती सगळ्या समाजाची अडचण होती. जवळजवळ शंभर वर्षांनंतर ती आमची उरली. धर्माचे नाव पुढे करून आम्ही तिच्यावर पांघरूण घालतो.

आणि तोटा फक्त नटीचा नाही. बाहेरून आलेल्या मुलीच्या अंगावर कोणताही पोशाख चढवा, ओढणी डोक्यावरून घेऊन कामाच्या वेळी ती कंबरेला कशी खोचायची, हे तिला कोण दाखवणार? ते ज्यांना ठाऊक आहे त्या बाया घरात बसलेल्या. सरस्वतीबाई फाळके चित्रपटात दिसत नाहीत, पण मंडळींचा स्वयंपाक, कपडे धुणे, फिल्मवरच्या प्रक्रिया अशी सगळी कामे त्यांनी केली, आणि हे आज सर्वांना माहीत आहे. मालेगावच्या पोशाखांना टाके घालणाऱ्या हातांचे नाव श्रेयनामावलीत आम्हाला सापडले नाही. ते हात पुरुष शिंप्याचे होते की कोणाच्या आपाचे, हा प्रश्नही कोणी विचारला नाही.

आता रीमा कागती यांच्या चित्रपटाविषयी. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२४ साली टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे आला. लेखन वरुण ग्रोवर यांचे. आदर्श गौरव नासिर, विनीतकुमार सिंह फरोग आणि शशांक अरोरा शफीक. चित्रपट मनापासून केलेला आहे. त्यात मुसलमान माणसे आहेत आणि ती दहशतवादी, नवाब किंवा शायर यांपैकी कोणी नाहीत, एवढ्यावरही आम्ही तिकिटाचे पैसे वसूल झाले असे म्हटले असते. २००६ आणि २००८ च्या स्फोटांनंतर मालेगाव हे नाव वर्तमानपत्रांत कसे छापले गेले, हे ज्यांनी सोसले त्यांना याची किंमत कळेल. या चित्रपटातील कपडेही अभ्यासून केलेले आहेत. नव्वदीच्या दशकातले शर्ट, त्यांच्या कॉलरी, सैल पँटी, सगळे जागच्या जागी.

मात्र ते जरा जास्तच जागच्या जागी आहे. मागाच्या खात्यात काम करणाऱ्याच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तूस बसते. ते झटकले तरी पुरते जात नाही. फैजा खान यांच्या माहितीपटात ही माणसे जशी आहेत तशी दिसतात. कागती यांच्या चित्रपटात गरिबी इस्त्री करून आली आहे. पैसा असला म्हणजे नाडासुद्धा मुद्दाम, मोजून लोंबवता येतो! खोटा गबाळेपणा उभा करणे हे महागडे काम आहे आणि तो कधी पुरता जमत नाही.

दुसरा बदल मोठा आहे. शफीकला कर्करोग होतो आणि म्हणून मित्र त्याच्यासाठी सुपरमॅन बनवतात, असा क्रम चित्रपटाने लावला. वास्तवात सुपरमॅन आधी झाला. त्याच्या चित्रीकरणाच्या दिवसांतच शफीकचे लग्न झाले, ते माहितीपटात आहे. तोंडाच्या कर्करोगाने तो गेला २०११ साली. ज्या चित्रपटात त्याचा सुपरमॅन तंबाखूच्या व्यसनाशी लढतो, त्या चित्रपटानंतर. कथाकाराला क्रम बदलण्याचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ क्रम अधिक कठोर होता. माहितीपटातला शफीकचा चेहरा पुन्हा पाहताना, खोल गेलेले गाल पाहताना, ते कोणत्या रंगभूषाकाराचे काम नव्हते हे आम्हाला विसरता येत नाही.

तर त्या तरुणाला आम्ही हे सगळे सांगितले, आणि नुसती समीक्षा सांगून पाठवणे बरे नव्हे म्हणून आम्हाला ठाऊक असलेल्या चार गोष्टीही सांगितल्या. नासिरच्या काळच्या कॅसेटवर लाल रंग कडेने पसरायचा, बारीक रेषा विरघळायच्या. त्या धूसरपणात चिकटवलेली मिशी खपून जायची. आजचा मोबाईल निर्दय आहे. क्रेपची दाढी, तिच्या कडेला चमकणारा गोंद, मानेपेक्षा दोन छटा गोरा केलेला चेहरा, सगळे तो उघडे पाडतो. तेव्हा दाढी हवी असेल तर वाढवावी. तिला पैसे लागत नाहीत, महिना लागतो. चेहरा उजळ करण्याचा मोह टाळावा. घाम टिपायला मऊ कागद आणि चिमूटभर पावडर पुरते. रक्त हवे तर साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग आणि किंचित कोको. आणि ज्या सदऱ्यावर ते सांडायचे त्याचे दोन जोड हवेत, कारण पहिला प्रयत्न फसतोच. कपडा जुना दिसायला हवा तर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवावा, कोपरा-गुडघ्यावर विटेने घासावा. प्रत्येक दृश्यानंतर पात्राचा एक फोटो काढून ठेवावा, नाही तर दारात गुंडाळलेली बाही घरात उलगडलेली निघते.

आणि ड्रेपरीवाल्याऐवजी बोहारणीकडे जावे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई कोणत्या गल्लीतून कोणता कपडा निघतो हे जाणते. तिच्या बोचक्यात जे सापडते ते माणसांनी वापरलेले असते. त्याला खांद्याचा आकार आलेला असतो. त्याआधी आपल्या घरची पेटी उघडावी. त्या तरुणाच्या घरी तर आजोबांचे धोतर दोरीवरच वाळत होते.

त्याने पुन्हा चित्रण केले. या वेळी म्हातारा मुंडाशात आहे आणि म्हातारीच्या गळ्यात काळी पोत. म्हातारीचे काम त्याच्या स्वतःच्या फुफीने केले. घरात त्यावरून चार दिवस अबोला होता, असे तो म्हणाला. तालुक्याला एका वाचनालयात लघुपट दाखवला तेव्हा आम्ही गेलो होतो. शेवटी एक गृहस्थ उठून म्हणाले, माणूस मुसलमान आहे हे निम्म्यापर्यंत कळलेच नाही. तरुणाने विचारले, "कळलं केव्हा?" गृहस्थ थोडे थांबले. "तलाठ्यानं नाव विचारलं तेव्हा."

ड्रेपरीवाल्याने मात्र टोपीवर डाग पडला म्हणून अनामत अजून परत केलेली नाही. डाग सुरम्याचा आहे.